खांबाला तडा, खिशाला खड्डा!

ईएमआयच्या पलीकडे

रीसेलचा फ्लॅट बघायला गेल्यावर आपण काय काय बघतो? मॉड्युलर किचन बघतो. बाथरूमच्या टाइल्स बघतो. बाल्कनीतून दिसणारा 'व्ह्यू' बघतो, मोबाइलला रेंज येते का ते बघतो, स्टेशनपासून खरंच पाच मिनिटं आहेत का हे घड्याळ लावून बघतो. आई सोबत असेल तर देवघर कुठे बसेल तेही बघून होतं. पण खाली पार्किंगमध्ये उभं राहून, मान वर करून, खांबाकडे कोणी बघतं का? नाही! खांब काय बघायचा? तो तर असतोच!

आणि मग ताबा घेऊन सहा महिने झाले, नवे पडदे लागले, की लिफ्टशेजारच्या बोर्डावर एक कागद चिकटतो. 'सर्व सभासदांना कळवण्यात येते की, इमारतीच्या स्ट्रक्चरल दुरुस्तीसाठी प्रत्येक सदनिकाधारकाने रुपये अमुक लाख...' पुढचं वाचवत नाही. होमलोन चालू, कारचा हप्ता चालू, आणि आता हे!

ज्या घरासाठी आपण वीस वर्षांचं कर्ज काढतो, त्याच्या हाडांचा खर्च या हिशेबात कुठेच नसतो. तेव्हा आज चर्चा घराच्या हाडांची. पाया, खांब, तुळया आणि त्यांचं बिल.

पाया खचला की खांब गंजला?

पहिली गोष्ट. 'बिल्डिंगचा पाया खचलाय' हे वाक्य आपल्याकडे फार सैल वापरलं जातं. भिंतीला तडा गेला, पाया खचला! छताचा पोपडा पडला, पाया खचला! प्रत्यक्षात मुंबई-ठाण्यातल्या तीस-चाळीस वर्षांच्या इमारतींचं दुखणं बहुतेक वेळा पायात नसतं. ते असतं खांब, तुळई आणि स्लॅबमधल्या सळईत.

कसं होतं बघा. काँक्रीट नवं असताना अल्कधर्मी असतं आणि त्यामुळे आतल्या सळईला गंज चढत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरतो आणि काँक्रीटचा हा गुण मारत जातो. समुद्राजवळ असाल तर खारं वारं त्यात भर घालतं. त्यात गळकी गच्ची आणि फुटका पाइप असेल, मग काय विचारता! सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणजे सळई आतल्या आत फुगते. फुगली की वरचं काँक्रीट फुटतं. फुटलं की पाणी आणखी आत जातं आणि गंज आणखी वाढतो. थांबवला नाही तर हा खेळ आपणहून थांबत नाही.

पुणे, नाशिक, सोलापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात जिथे काळी माती आहे, तिथे बंगले आणि रो-हाउसची गोष्ट वेगळी. तिथे दुखणं खरोखर पायाचं असू शकतं. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया टाकून बांधलेलं घर दरवर्षी थोडं वर, थोडं खाली होतं. माती सगळीकडे सारखी फुगत नाही, म्हणून घराचा एक कोपरा हलतो, दुसरा नाही. आणि तडा जातो.

दोन्ही दुखण्यांचे उपाय वेगळे, बिलंही वेगळी. म्हणून 'किती खर्च येईल?' याच्या आधीचा प्रश्न: 'नक्की झालंय काय?'

तड्यांची भाषा

इंजिनीअर व्हायची गरज नाही. एवढं ओळखता आलं तरी पुरे.

प्लॅस्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा: बहुतेक वेळा नुसत्या प्लॅस्टरच्या. रंगाच्या वेळी जातील.

खांबाच्या कडेने वरून खाली सरळ गेलेली उभी चीर, सोबत तांबूस डाग: आत सळई गंजतेय. हिला लांबी भरून वर रंग मारणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला पावडर लावणं!

स्लॅबच्या खालचा पोपडा गळून सळया दिसतायत: दुखणं पुढच्या टप्प्यात गेलंय. फोटो काढा, तारीख टाका, सेक्रेटरींना लेखी द्या.

खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढलेली भेग: इथे पायाची शंका घ्यायला जागा आहे. दार अचानक चौकटीत अडकायला लागलं, फरशी एका बाजूला उतरली, तर शंका आणखी पक्की.

भेग वाढतेय की जुनीच आहे, हे कसं कळणार? त्याला एक जुनी, स्वस्त आणि मस्त युक्ती आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना धरून काचेची एक छोटी पट्टी आडवी चिकटवायची आणि वर तारीख लिहायची. भेग हलली की काच तडकते. खर्च? जवळजवळ शून्य. आणि पुढे कोणी काँट्रॅक्टर 'साहेब, उद्याच्या उद्या काम काढायला लागेल' म्हणाला, तर तुमच्या हातात पुरावा असतो.

हेल्थ चेकअप: स्ट्रक्चरल ऑडिट

आपण ऑफिसच्या पॅकेजमध्ये वर्षाला बॉडी चेकअप करून घेतो. इमारतीचाही असतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. मुंबईत तर महापालिका कायद्याच्या कलम ३५३-बी खाली ३० वर्षं झालेल्या इमारतीने नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरचं प्रमाणपत्र द्यायचं आणि त्यानंतर दर १० वर्षांनी पुन्हा द्यायचं, असा नियम आहे.

ऑडिट म्हणजे इंजिनीअर आला, एक चक्कर मारली, चहा घेतला, रिपोर्ट दिला, असं नव्हे. त्यात चाचण्या हव्यात. रिबाउंड हॅमरने काँक्रीटचा पृष्ठभाग किती कडक आहे ते कळतं. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरी खांबातून किती वेगाने जातात ते मोजतात. वेग सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर उत्तम, साडेतीनच्या खाली आला तर शंका. हाफ-सेल चाचणीत सळईला गंज चढत असण्याची शक्यता कळते. आणि सगळ्यात फिल्मी चाचणी म्हणजे काँक्रीटचा ताजा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडायचं. झक्क गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईला सांभाळतंय. रंगच आला नाही तर समजा, तेवढ्या भागात त्याचा जीव संपला. बारावीच्या लॅबमधलं फिनॉल्फ्थॅलीन पुढे असं भेटेल, असं वाटलं होतं का?

या सगळ्यातून मुंबईत इमारतीला एक वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक. रिकामी करा आणि पाडा. सी-२ए म्हणजे पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना स्ट्रक्चरल दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

आता पैशाच्या नजरेने हीच यादी पुन्हा वाचा. सी-३ आणि सी-२बीमध्ये तुम्ही घरात असता. त्रास होतो, धूळ होते, पण घरात असता. सी-२ए झालं की दुरुस्तीच्या वर्गणीवर भाडं आलं, डिपॉझिट आलं, सामान हलवणं आलं. आणि ईएमआय? तो थांबत नाही. बँकेला तुमच्या खांबाशी देणंघेणं नसतं! म्हणजे बिलाचा सगळ्यात मोठा फरक सिमेंटच्या भावाने पडत नाही. तुम्ही कोणत्या टप्प्यावर जागे झालात, त्याने पडतो.

सिंकिंग फंड नावाचा गोड गैरसमज

'अहो, पण दर महिन्याला मेंटेनन्स भरतो ना आम्ही! सिंकिंग फंड आहे ना!' आहे. चला, हिशेब करून बघू.

उपविधींनुसार सिंकिंग फंडाची वर्गणी वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती-देखभाल निधीची किमान ०.७५ टक्के. कशाच्या? इथेच मेख आहे. फ्लॅटच्या आजच्या किमतीच्या नव्हे; जमिनीची किंमत वगळून, फ्लॅटच्या मूळ बांधकाम खर्चाच्या.

समजा, १९९२ साली बांधलेली २४ फ्लॅट्सची सोसायटी आहे. तेव्हा एका फ्लॅटचा बांधकाम खर्च धरू २ लाख रुपये. सिंकिंग फंड ०.२५ टक्क्याने वर्षाला ५०० रुपये. हो, वर्षाला! आज तेवढ्यात दोघांचा पिक्चर आणि पॉपकॉर्न होत नाही. ३० वर्षांत एका फ्लॅटचे १५,०००, चोवीस फ्लॅट्सचे ३ लाख ६० हजार. व्याज धरून त्याचे तिप्पट झाले असं समजू: १० लाख ८० हजार.

आता दुरुस्तीचं काम निघालं, समजा, ६० लाखांचं. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १० लाख ८० हजार. मजा बघा, तीस वर्षांचा अख्खा सिंकिंग फंड व्याजासकट नुसत्या जीएसटीत गेला! उरलेले ६० लाख भागिले २४, म्हणजे प्रत्येकी अडीच लाख.

आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या सोसायटीचे वेगळे असतील, पण गणिताची चाल हीच राहील. दुरुस्ती-देखभाल निधीचं काय, म्हणाल, तर तो पंप, गेट, ड्रेनेज असल्या वर्षभराच्या कामांतच बऱ्यापैकी संपतो. कायद्यातला आकडा 'किमान' आहे, हे मात्र विसरू नका. सर्वसाधारण सभेने ठरवलं तर जास्त वर्गणी घेता येते. महिन्याला पाचशे-हजार रुपये आज वाढवायला सगळे नाकं मुरडतात आणि पाच वर्षांनी एकदम अडीच लाख भरताना तेच लोक पर्सनल लोन काढतात.

वाटणी समान की क्षेत्रफळाप्रमाणे, यावर सभेत हमखास वाजतं. मोठ्या दुरुस्तीच्या निधीसाठी उपविधी क्षेत्रफळाचा आधार सांगतात. म्हणजे वन बीएचकेवाल्याने थ्री बीएचकेवाल्याइतकेच पैसे भरायचे नाहीत. तुमचा फ्लॅट छोटा असेल तर हा नियम पाठ करून जा!

कोटेशन वाचायला शिका

सभेत तीन कोटेशन्स येतात. सगळे शेवटच्या पानावरचा आकडा बघतात आणि सगळ्यात कमी आकड्यावर बोट ठेवतात. इथेच घोळ होतो.

स्ट्रक्चरल दुरुस्तीचं काम बहुतेक ठिकाणी 'आयटम रेट'वर चालतं. म्हणजे प्रत्येक कामाचा दर ठरलेला असतो आणि बिल होतं प्रत्यक्ष मापावर. सैल काँक्रीट तोडणं, सळई घासून गंज काढणं, गंजरोधक लेप, जुनं-नवं काँक्रीट जोडणारा लेप, मग पॉलिमर मॉर्टर. खांब फारच गेला असेल तर टेकू लावून नवी सळई बांधायची आणि भोवती मायक्रोकाँक्रीट ओतायचं. याला जॅकेटिंग म्हणतात. शेवटी प्लॅस्टर, वॉटरप्रूफिंग, रंग. शिवाय परांचीचा खर्च वेगळा.

यातली मेख अशी की, आत किती गंजलंय हे तोडल्याशिवाय कळत नाही. अंदाज असतो २०० चौरस मीटर पॉलिमर मॉर्टरचा आणि तोडल्यावर निघतं ३२०. म्हणजे त्या आयटमचं बिल साठ टक्क्यांनी वर! यात काँट्रॅक्टर लबाडच असेल असं नाही. पण मोजायला कोणी नसेल तर लबाडी करायला जागा भरपूर असते. म्हणून विचारायचे प्रश्न हे:

मॉर्टरचा दर किती जाडीचा? २० मिलिमीटरचा दर आणि ४० मिलिमीटरचा दर शेजारी ठेवून 'हा स्वस्त आहे' म्हणण्यात अर्थ नाही.

अंदाजापेक्षा माप जास्त निघालं तर दर तोच राहील ना? यादीत नसलेलं काम निघालं तर त्याचा दर कोण, कधी ठरवणार?

माप कोण घेणार? कन्सल्टंट, काँट्रॅक्टर आणि कमिटीचा एक माणूस, तिघांच्या सह्या हव्यात. तोडल्यावरचा फोटो, सळई साफ केल्यावरचा फोटो, मग मॉर्टर. एकदा प्लॅस्टर झालं की आत काय केलं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

कन्सल्टंट आणि काँट्रॅक्टर एकमेकांचे 'आपलेच' तर नाहीत ना? ज्याने रोग सांगायचा त्यानेच औषध विकायचं, हे बरं नव्हे.

बिलातून काही रक्कम राखून ठेवणार का आणि दोषदायित्वाचा काळ किती? काम संपल्यावर निदान एक पावसाळा तरी त्यात यायलाच हवा.

आणि एक सूचना: ज्या कोटेशनमध्ये रंगाचं वर्णन दोन पानं आणि खांबाचं दोन ओळी, ते बाजूला ठेवा. रंग सगळ्यांना दिसतो म्हणून सगळ्यांना आवडतो. इमारत मात्र रंगावर उभी नसते.

मुंबईत कोणी 'फाउंडेशनच वीक आहे' म्हणून मोठा आकडा सांगितला तर घाबरून सही करू नका. एक-दोन खांबांच्या बुडाशी खड्डा खणून इंजिनीअरला प्रत्यक्ष बघू द्या. कित्येकदा पाया ठणठणीत असतो आणि फुटक्या ड्रेनेजच्या पाण्याने जमिनीखालचा खांबाचा भाग सडलेला असतो. मग आधी ड्रेनेज, नंतर खांब. उलट केलंत तर पैसे पाण्यात, शब्दशः!

बंगला, रो-हाउसवाल्यांनो, इकडे बघा

तुमच्याकडे सोसायटी नाही, सभा नाही, भांडणं नाहीत. पण बिल वाटून घ्यायलाही कोणी नाही!

काळ्या मातीवरच्या घराला भेग गेली की थेट 'पाया मजबूत करून द्या' म्हणू नका. खर्चाची शिडी खालून चढायची असते. पहिली पायरी पाणी. गच्चीचे पाइप भिंतीच्या बुडाशीच ओततायत का, नळाची लाइन गळतेय का, शोषखड्डा घराला चिकटून आहे का, बघा. दुसरी पायरी म्हणजे जोत्याभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन पक्की पट्टी करून घ्या, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. तिसरी, भिंतीला खेटलेली मोठी झाडं. मुळं उन्हाळ्यात माती आणखी सुकवतात. या पायऱ्या सहसा हजारांत भागतात.

मग काचेची पट्टी लावा आणि जमलं तर उन्हाळा-पावसाळा असं एक चक्र बघा. भेग मे महिन्यात मोठी आणि ऑगस्टमध्ये बारीक होत असेल, तर माती बोलतेय. तरीही भेग वाढतच असेल, तर माती तपासणारा जिओटेक्निकल इंजिनीअर बोलवा. शेवटची पायरी अंडरपिनिंग: जुन्या पायाखाली थोडा-थोडा भाग खणून, टप्प्याटप्प्याने नवा, खोल पाया घालायचा. हे लाखांत जातं आणि कौशल्याचं काम आहे. एका दमात सगळी बाजू खणणारा गवंडी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा!

आणि नवं घर बांधणार असाल तर माती आधी तपासा. काळ्या मातीसाठी खाली फुगीर बुंध्याचे 'अंडर-रीम्ड पाइल' वापरण्याचं तंत्र रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्याकडे विकसित केलं. ऋतूप्रमाणे माती जिथवर हलते, त्या थराच्या खाली, साधारण साडेतीन मीटरपर्यंत, ते घराचा भार नेतात. बांधतानाचा हा खर्च नंतरच्या अंडरपिनिंगपुढे काहीच नाही.

मग पैसे कोण देणार?

बिल्डर? नवा फ्लॅट असेल तर रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत स्ट्रक्चरल दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा आहे. लेखी कळवा, पोच घ्या. पाच वर्षं कशी जातात ते कळत नाही.

विमा? १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आली. त्यात जमीन खचल्याने झालेलं नुकसान आहे. पण नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि तडे, भराव टाकलेल्या जमिनीचं बसणं, सदोष डिझाइन, सदोष काम हे त्यातून वगळलंय. झीज आणि गंज तर सोडूनच द्या. भूकंप-पुरासाठी विमा घ्याच, पण गंजाचं बिल तो भरेल या भरवशावर राहू नका.

सोसायटी की सभासद? गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींची गळती, स्ट्रक्चरल दुरुस्ती हे सोसायटीचं काम. वरच्या बाथरूममधून खाली येणारं पाणी हे संबंधित सभासदांनी आपल्या खर्चाने निस्तरायचं. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या माणसाला 'तुमच्या डोक्यावर गळतंय, तुम्हीच बघा' म्हणणारी कमिटी नियमाविरुद्ध बोलतेय.

इन्कम टॅक्स? थोडासा दिलासा. जुनी करप्रणाली निवडली असेल आणि दुरुस्तीसाठी कर्ज काढलं असेल, तर स्वतः राहत्या घरासाठी त्याच्या व्याजावर वर्षाला कमाल ३०,००० रुपयांची वजावट मिळू शकते. सीएला विचारा.

'रिडेव्हलपमेंट होणारच आहे!'

दुरुस्ती लांबवण्याचं हे सगळ्यात लाडकं कारण. आपल्याला टॉवर मिळणार, पोडियम मिळणार, जिम मिळणार, मग जुन्या खांबावर खर्च कशाला? पण बिल्डर ठरायचा, किमान ५१ टक्के सभासदांनी हो म्हणायचं, परवानग्या यायच्या, करार व्हायचा... यात वर्षं जातात. त्या वर्षांत पावसाळे काही रजेवर जात नाहीत. निदान टेकू, गळती आणि धोक्याचे खांब एवढं तरी करावंच लागतं. तो पुनर्विकासाला विरोध नाही. तोवर जिवंत राहायची सोय आहे.

शब्द कठोर वाटला? २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची 'साईदर्शन' ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ जण गेले. तळमजल्यावर चालू असलेल्या फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. फ्लॅटच्या आतली भिंत तुमची असेल, पण खांब तुमच्या हॉलमध्ये असला तरी तो सगळ्यांचा. इंटिरिअर डिझायनर म्हणाला 'हा कॉलम जरा तासला तर वॉर्डरोब मस्त बसेल', तर वॉर्डरोब छोटा करा! आणि खालच्या दुकानात रात्रीचा ब्रेकर चालू असेल, तर झोपमोड म्हणून चिडून गप्प बसू नका. खाली जाऊन बघा, लेखी तक्रार करा.

भाड्याने राहताय म्हणून तुम्ही सुटलात असंही नाही. स्लॅब पडताना ॲग्रीमेंट बघून पडत नाही.

टोकन देण्याआधी: सात प्रश्न

१. इमारत किती सालची? शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं? रिपोर्टची प्रत दाखवा.

२. ऑडिटमध्ये सांगितलेली दुरुस्ती झाली का? बिलं आहेत का?

३. सिंकिंग फंडात आज किती रुपये आहेत?

४. मोठ्या दुरुस्तीचा ठराव झालाय का? वर्गणी विकणाऱ्याने भरायची की आपण? हे करारात लिहून घ्या.

५. गेल्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं बघायला मिळतील का? खरी बातमी तिथेच असते.

६. महापालिकेची काही नोटीस आलीय का?

७. पार्किंगमधले खांब, गच्ची आणि जिन्याखालचा भाग बघितला का? शक्यतो पावसाळ्यात, दिवसाउजेडी बघा. नुकताच रंग दिलेल्या इमारतीत तर दोनदा बघा.

उत्तरं टाळली जात असतील तर एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला स्वतः पैसे देऊन एकदा बघायला न्या. ज्या व्यवहारात स्टॅम्प ड्युटी लाखांत जाते, तिथे त्याची फी जड वाटायचं कारण नाही. घर आवडलं असेल तर खर्चाचा आकडा हातात ठेवून भाव पाडून मागा. 'दुरुस्ती बाकी आहे' हे भाव करायला उत्तम कारण आहे!

आणि घर आधीच घेतलं असेल, तर उपाय एकच: सोसायटीच्या वार्षिक सभेला जा. माहितीये, रविवारी सकाळी अकरा वाजता, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पार्किंगवरून चाललेली तीच भांडणं ऐकायची म्हणजे शिक्षाच. आपल्या वयाचं तिथे कोणी नसतं. म्हणूनच निर्णय रिटायर्ड काका घेतात आणि हप्ते आपण भरतो. एकदा जा. हात वर करा आणि विचारा, 'काका, आपलं शेवटचं ऑडिट कधी झालं?' पहिल्यांदा शांतता पसरेल. मग कोणीतरी म्हणेल, 'बरोबर विचारतोय तो.' एवढ्यावरूनच काम सुरू होतं, आणि सी-२बीमध्ये असताना सुरू झालेलं काम सी-२एपेक्षा नेहमीच स्वस्त पडतं.